फलजकाठचं गाव

या अंकासाठी काहीतरी लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी तो नेहमीप्रमाणे हसण्यावारी नेला. मंडळात माझं काम म्हणजे गणपतीच्या मखराची वायरिंग करणं आणि नाटकाच्या वेळी पडदा ओढणं. पण या वेळी त्यांनी पिच्छा सोडला नाही. "तुम्ही महिन्यातून एकदा त्या खेड्यात जाता, तिथे करता तरी काय? तेच लिहा," म्हणाले. तेव्हा वाचकहो, हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. लांबलं तर दोष त्यांचा.

आपल्यापैकी बहुतेकांचा ओमान रूवीत सुरू होतो आणि सीबला संपतो. ऑफिस, मुलांची शाळा, लुलू, सुट्टीला कुरुमचा समुद्र. पाहुणे आले की निझवाचा किल्ला, दुपारी परत. मीही २००८ साली आलो तेव्हा असाच होतो. (तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची, २०१३ च्या मे महिन्यात ती शुक्रवार-शनिवार झाली आणि आमच्या घरातलं दळण-भाजीचं वेळापत्रक वर्षभर कोलमडलं, ते वेगळं.) पण ऑफिसातला एक ओमानी सहकारी एका शुक्रवारी मला त्याच्या गावी जेवायला घेऊन गेला आणि मी तिथल्या पाण्यात अडकलो तो आजपर्यंत.

निझवाच्या रस्त्याने निघालं की फंजा मागे पडतं, मग समाईलची खिंड लागते. दोन्ही बाजूंना करड्या-तांबूस रंगाचे नुसते दगड. गवताची काडी नाही. आणि मध्येच, खाली वादीच्या कडेला, हिरवीगार खजुराची पट्टी. नवख्याला वाटतं, इथे नदी असणार. नदी नसते. जिथे खजुराचं बन आहे तिथे कुणीतरी, कधीतरी, डोंगराच्या पोटातून पाणी काढून आणलेलं आहे. त्या वाटेला म्हणतात फलज. अनेकवचन अफलाज.

फलज म्हणजे पाट, असं सोपं भाषांतर करता येईल, पण नुसतं पाट म्हटलं तर फलजवर अन्याय होईल. त्याचे तीन प्रकार आहेत. झऱ्यातून निघतो तो ऐनी. नखलजवळच्या थवाराचं गरम पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांनी ऐनी फलज पाहिलाय. वादीच्या वाहत्या पाण्यातून वळवलेला तो घैली. आणि तिसरा दाऊदी, खरा कारागिरीचा. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणतात, तिला 'उम्म अल फलज', फलजची आई म्हणतात. तिच्या तळापासून गावाच्या दिशेने जमिनीखालून बोगदा काढतात, त्याला इतका हलका उतार की पाणी स्वतःच्या पायांनी चालत येतं आणि गावाच्या तोंडाशी जमिनीवर प्रकट होतं. वरून ठराविक अंतरावर उभे बोळ पाडलेले असतात, हवा जायला, माती काढायला, आत उतरायला. पंप नाही, वीज नाही. उतार जास्त झाला तर पाणी बोगदा खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. आम्ही लेझर लेव्हल लावून जे करताना घामाघूम होतो ते या लोकांनी पणतीच्या उजेडात केलं. वाटेत वादी आडवी आली तर पाणी एका बाजूला विहिरीत सोडून खालून नेऊन पलीकडे पुन्हा वर काढलेलं असतं. उलटा सायफन! माझ्या पदवीच्या पुस्तकात तो पाश्चात्त्यांच्या नावावर होता.

हे कधीपासूनचं? युनेस्कोने २००६ साली ओमानचे पाच अफलाज जागतिक वारशात घेतले: निझवाचा दारिस, इझकीचा मलकी, बिरकत अल मौझचा खतमीन, रुस्ताकचा मुयस्सर आणि सूरकडचा जीला. त्या वेळी देशात तीन हजारांच्या आसपास अफलाज चालू होते. ही पद्धत निदान दीड हजार वर्षांची, आणि कोरड्या प्रदेशात पाणी नेण्याची सुरुवात त्याहून कितीतरी जुनी असल्याचे पुरावे सांगतात. गावकऱ्यांचं उत्तर मात्र सोपं आहे. सुलेमान बिन दाऊद, म्हणजे राजा सॉलोमन, उडत्या गालिच्यावरून ओमानात आला, दहा दिवस राहिला, आणि त्याच्या हुकमतीतल्या जिन्नांनी रोज एक हजार याप्रमाणे दहा हजार अफलाज खणले. दाऊदी हे नाव त्यावरूनच. आपल्याकडे हेमाडपंती देवळं एका रात्रीत बांधली जातात तसंच हे.

बिरकत अल मौझ मस्कतहून दीड तासावर आहे, मुलांना घेऊन जरूर जा. मौझ म्हणजे केळी, आपली मौज नव्हे, तरी होते. वर डोंगरउतारावर मातीच्या विटांची जुनी, रिकामी वस्ती, खाली केळी आणि खजूर, आणि मधून खतमीनचं काचेसारखं पाणी. ते गावात तीन सारख्या वाट्यांत फुटतं. पण मी ज्या गावाबद्दल लिहितोय ते हे नव्हे. ते समाईल आणि इझकीच्या मधलं, पाटी चुकली तर दिसणारही नाही असं. तिथल्या लोकांच्या घरगुती गोष्टी मी इथे सांगणार आहे, म्हणून नाव गाळतो.

गावात पाणी शिरतं ते पहिलं 'शरीअ'वर. ही पिण्याचं पाणी भरायची जागा. तिच्या वर कुणी पाय बुडवायचा नाही. मग मशिदीत वजूसाठी. मग पुरुषांची न्हाणी, त्याखाली बायकांची, मग भांडी-कपडे, आणि मयताला अंघोळ घालायची जागासुद्धा पाटावरच, ठरलेल्या ठिकाणी. त्यानंतर खजुराची बनं. आणि सगळ्यात शेवटी 'अवाबी', म्हणजे हंगामी पिकांची जमीन: गहू, लसूण, कांदा, गुरांसाठी लसूणघास. हा क्रम बघून मी पहिल्यांदा थक्क झालो तो यासाठी, की यात दुष्काळाची सोय आधीच करून ठेवली आहे. खजुराचं झाड पन्नास वर्षांचं, ते मरता कामा नये. म्हणून पाणी भरपूर तेव्हा अवाबी फुगते, पाणी कमी तेव्हा ती आक्रसते, आणि बनं तगतात.

पाण्याची वाटणी वेळेवर. एक 'अथर' म्हणजे साधारण अर्धा तास. चोवीस अथरांचा एक 'बद्दा', म्हणजे बारा तास. अथराचे पुन्हा चोवीस 'कियास'. आपली घटिका चोवीस मिनिटांची, त्यांची तीस, एवढाच फरक. कुणाचे तीन अथर, कुणाचा अर्धा, कुणा विधवेचे सहा कियास. पाळी आली की आपला दगड-चिंध्यांचा बोळा काढायचा, दुसऱ्याचा घालायचा. या सगळ्यावर देखरेख करणारी माणसं कोण? तर वकील, अमीन, दलाल आणि आरिफ! यातले तीन शब्द तुम्हाला मी समजावून सांगायला नकोत; शिवाय हिशेबाच्या वहीला 'दफ्तर', वाट्याला 'हिस्सा', अधिकाराला 'हक्क'. पहिल्या दिवशी त्यांची चर्चा ऐकताना मला वाटलं आपण साक्रीच्या तहसील कचेरीत बसलोय. वकील म्हणजे फलजचा प्रमुख. दलाल आठवड्याच्या लिलावात उरलेले अथर विकतो. फलजचे स्वतःचे अथर असतात, मशिदीचे असतात, त्यांच्या भाड्यातून डागडुजी होते. म्हणजे पाणी स्वतःच्या दुरुस्तीचे पैसे स्वतः कमावतं. असा प्रकल्प अहवाल मी अजून लिहिलेला नाही.

चौथा, आरिफ. पाळीची वेळ सांगणारा. माझा खरा स्नेह जमला तो या माणसाशी. मी त्यांना तिथल्या रीतीप्रमाणे 'वालिद' म्हणत असे, ते मला 'मुहंदिस', म्हणजे इंजिनियर. वय सत्तरीच्या पुढे, पांढरी दाढी, कमरेला गाठीगाठीची दोरी. आणि हिंदी अशी बोलायचे की मी चाटच पडलो. पोरवयात मतरहच्या बंदरातून खजुराच्या गोण्यांबरोबर मुंबईला गेले होते आणि भेंडीबाजारात दीड वर्ष राहिले होते. १९७० पर्यंत मस्कतमध्ये आपला गल्फ रुपया चालायचा, आत डोंगरात मारिया थेरेसाचे चांदीचे डॉलर. रुपया गेला पण पैसा राहिला. रियालचे हजार 'बैसा' होतात ते आपल्या पैशावरूनच. सुलतान काबूस गादीवर आले त्या १९७० साली अख्ख्या देशात डांबरी रस्ता दहा किलोमीटर आणि शाळा तीन होत्या, हे आपण ऐकतो. वालिद म्हणायचे, "रास्ता नहीं था, मगर पानी का टाइम था."

दिवसा वेळ बघायची ती अंगणातल्या उभ्या काठीच्या सावलीवर, रात्री ताऱ्यांवर. एका नोव्हेंबरात मी मुक्कामाला राहिलो. मगरिबची नमाज झाली, आम्ही पाटाच्या कडेला कहवा घेत बसलो. पूर्वेच्या डोंगराच्या एका खाचेकडे बोट दाखवून वालिद म्हणाले, "अब थुरय्या आएगी." आणि आली. बघतो तर आपल्या कृत्तिका! तासाभराने त्याच बाजूला तांबूस तारा वर आला, त्यांचा दबरान, आपली रोहिणी. त्याबरोबर ते उठले, अंधारात हाक मारली, आणि खालच्या बनात कुणीतरी बोळा बदलल्याचा पाण्याचा आवाज आला. घड्याळ कुणाकडेच नव्हतं असं नाही. माझ्या मनगटावर होतं, त्यांच्या नातवाच्या मोबाइलमध्ये होतं. (वाळवंटात आमच्या साइटवर जो उपग्रह फोन असायचा त्याचं नावही थुराया. नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे.) पण गावाने तोवर घड्याळ मान्य केलं नव्हतं. का, असं विचारलं तर वालिद म्हणाले, घड्याळ प्रत्येकाचं वेगळं असतं, तारा सगळ्यांचा एकच. पाण्यावरून भांडण झालं तर सगळ्यांना दिसेल असा साक्षीदार हवा.

खारकेबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. 'मबसली' जातीचा खजूर अर्धवट पिकला की मोठमोठ्या तांब्याच्या हंड्यांत उकळतात आणि उन्हात वाळवतात. या कामाला तबसील म्हणतात, भर उन्हाळ्यात चालतं, जवळ उभं राहवत नाही. हा माल पिढ्यान्‌पिढ्या भारतात जात आला. म्हणजे आमच्या आजीच्या डिंकाच्या लाडवातली खारीक अशाच कुठल्यातरी पाटावर वाढलेली असू शकते! हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग येताना दोन किलो आण, इथे महाग झालीय."

आता थोडं विषयांतर. २००४-०५ साली मी सिंचनाच्या एम.एस्सी.साठी इंग्लंडमध्ये होतो. युनिव्हर्सिटीच्या वसतिगृहाचं भाडं परवडेना, म्हणून जवळच्या खेड्यात एका आजीबाईंकडे खोली घेतली. दोन-तीनशे घरांचं गाव: एक चर्च, एक पब, एक पोस्ट, महायुद्धातल्या मृतांच्या नावांचा दगडी क्रूस. चर्चच्या दारात एक पातळ पुस्तिका ठेवलेली, किंमत एक पौंड, पैसे डब्यात टाकायचे. गावचा इतिहास. १०८६ च्या डूम्सडे बुकात गावात किती नांगर होते इथपासून ते रेल्वे कधी आली आणि कधी बंद झाली इथपर्यंत. लिहिणारा कोण, तर निवृत्त शाळामास्तर. महिन्यातून एकदा 'लोकल हिस्ट्री'वाली मंडळी हॉलमध्ये जमायची, चहा-बिस्किटं, आणि एका पायवाटेवरून तासभर वाद. आजीबाई मला घेऊन जायच्या. एकदा तिथे कुणीतरी सहज विचारलं, तुमचं गाव किती जुनं? मी म्हणालो, खूप. हशा झाला, तो चेष्टेचा नव्हता, पण माझ्या डोक्यात राहिला. त्या लोकांना गावात घडलेलं काहीही क्षुल्लक वाटत नाही. आपल्याकडे राजे-किल्ल्यांचा इतिहास आहे, पाटाचा आणि बांधाचा नाही.

आणि पाट तर आमच्याकडे होता! मी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला, पांझरेकाठचा. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षं फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन चार फडांत वाटलेली. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, असं फिरतं. प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी कमी पडलं तर गाव ठरवायचं, यंदा अमुक फड कोरडा, आणि मग नुकसान सगळ्यांचं सारखं. नोकर गावाचेच: पाटकरी, बारेकरी, जागल्या, हवालदार. माझे आजोबा पाटकरी. पहाटे चारला कुदळ घेऊन पाटाने निघायचे, मी मागे कंदील धरून. पाणी फडाच्या तोंडाशी आलं की अहिराणीत मोठ्यांदा हाळी द्यायचे, "पानी उनं!" ती हाळी आणि वालिदची हाळी, डोळे मिटले तर मला वेगळी करता येत नाही.

फरक आहे, आणि तो इंजिनियर म्हणून मला महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे पाणी जमिनीला बांधलेलं. इथे पाणी वेगळं आणि जमीन वेगळी. जमीन नसलेल्यालाही अथर विकत घेता येतो, मुलीला देता येतो. जास्त न्याय्य काय? मला फड उजवा वाटतो, कारण दुष्काळ वाटून घ्यायची सोय त्यात चोख आहे. पण टिकला फलज, हेही खरं. पाण्याला किंमत होती म्हणून त्याचा हिशेब कुणीतरी ठेवत राहिलं. आणि बोगद्याचं म्हणाल तर तेही आपल्याला परकं नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर-ए-अंबरी आणली ती याच घराण्यातली: जमिनीखालून, उताराने, वर बोळ ठेवून.

आता २०१२ सालची हकीकत. त्या उन्हाळ्यात आमच्या या गावचा फलज उतरला. शरीअच्या दगडावर एक जुनी खाच आहे. पाणी तिच्याखाली गेलं की अवाबी बंद, असा नियम. जूनमध्ये ते खाचेच्या चार बोटं खाली गेलं. अवाबी बंद झाली, मग बनांच्या पाळ्या लांबल्या, आणि कडेची झाडं माना टाकू लागली. गावच्या 'सबला'त, म्हणजे चावडीत, बैठक बसली. सहकाऱ्याने मला मुद्दाम बोलावलं. तरुण मंडळींचं म्हणणं, वर्गणी काढू, खोल बोअर मारू, पंप बसवू आणि पाटात पाणी सोडू. कित्येक गावांनी केलंय, बटण दाबलं की झालं. ओमानात १९८८ पासून पाणी ही राष्ट्रीय संपत्ती आहे, फलजच्या आईजवळ नवी विहीर खणायला परवाना लागतो; पण तो मिळवू, असं ते म्हणत होते. तरुण काही मूर्ख नव्हते. त्यातले दोघे तर माझ्याहून चांगले इंजिनियर. त्यांना मस्कतच्या नोकऱ्या सांभाळून गाव जगवायचं होतं.

वालिद सगळ्यात शेवटी बोलले. म्हणाले, फलज डोंगर जेवढं देतो तेवढंच घेतो. पाऊस कमी, पाणी कमी. तो मागत नाही. नंतर माझ्याकडे वळून हिंदीत, "पंप पहाड से पूछता नहीं, मुहंदिस. तुम बोलो." आता मला बोलणं भाग होतं, आणि माझ्यासमोर आमची पांझरा होती. वर धरण झालं, नदीकाठी विहिरी खणल्या गेल्या, प्रत्येकाने आपापली मोटार बसवली, आणि ज्याची मोटार त्याचं पाणी झालं. मग पाट साफ करायला कोण येणार? पहिल्यांदा वर्गणी बंद झाली, मग पाटकरी, मग फड. मी एवढंच सांगितलं, की बोअरचं नंतर बघू, आधी बोगदा तपासू. पाऊस कमी आहे हे खरं, पण पाणी इतकं झपाट्याने उतरण्याइतका कमी नाही.

पुढचे तीन शुक्रवार आम्ही बोळ उतरत होतो. मी वरून लेव्हल घेत होतो, आत दोन म्हातारे आणि चार बांगलादेशी बिदार. (बिदार म्हणजे बनाची आणि पाटाची राखण करणारा. हल्ली बहुतेक गावांत हे काम बांगलादेशी भाऊच करतात, आणि फलज खरा त्यांच्या हातावर चालतो, हे कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.) नवव्या आणि दहाव्या बोळाच्या मध्ये छत ढासळलं होतं. माती अडकली, मागे पाणी तुंबलं, आणि तुंबलेलं पाणी वाळूत परत मुरत होतं. टोपल्या-टोपल्यांनी माती काढली, दगडांनी छत बांधलं. तिसऱ्या शुक्रवारी असरच्या सुमारास पाणी गढूळ होऊन आलं, मग निवळलं. खाचेपर्यंत पोचलं नाही; दोन बोटं कमीच राहिलं. त्या वर्षीची अवाबी गेली ती गेली. बनं वाचली. बोअरची वर्गणी फलजच्या दफ्तरात जमा झाली आणि दरवर्षी एक बोळ दुरुस्त करायचा असं ठरलं, ते अजून चालू आहे. दोन घरांनी मात्र आपल्या हिश्शाची वर्गणी परत मागून घेतली आणि त्यांचा अबोला बरेच दिवस टिकला.

वालिद २०१९ साली गेले. त्यांना पाटावरच्या ठरलेल्या जागी अंघोळ घातली. आता पाळ्यांचा तक्ता नातवाने संगणकावर केलाय, तो सगळ्यांच्या फोनवर जातो, आणि भांडणं काही वाढलेली नाहीत, हे प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. ताऱ्यांची यादी मी दोन हिवाळ्यांत त्यांच्याकडून उतरवून घेतली होती: कुठला तारा, कुठल्या दगडावर बसून, कुठल्या खाचेत बघायचा. वही नातवाकडे दिली आहे. माझ्याकडे एक प्रत. काही तारे मला अजून ओळखता आलेले नाहीत. आपल्यात कुणी आकाश बघणारे असतील तर येत्या थंडीत बरोबर चला, जेवणाची जबाबदारी माझी.

ती वही झाल्यावर मी वडिलांना फोन केला. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. फड चालू असताना ज्यांनी त्यात नांगर धरला अशी आमच्या गावात आता चार-पाच माणसं उरली असतील. बंधारा अजून उभा आहे. पाटात वेडी बाभूळ माजली आहे. दर शुक्रवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, ते सांगतात आणि मी लिहितो. पाटाला किती चाऱ्या, बारेकऱ्याला सुगीला किती पायल्या, पोळ्याच्या आधी बंधाऱ्याची डागडुजी कशी व्हायची. नकाशाही काढायला घेतलाय, पण तो अडलाय तिसऱ्या फडाच्या हद्दीपाशी. वडील म्हणतात, चिंचेचं झाड तिसऱ्या फडात. शेजारचे काका म्हणतात, दुसऱ्या, आणि आजोबांसमोर पैज लागली होती म्हणतात. झाड आता नाही. दोघेही हट्टाला पेटलेत, आणि मला दिवाळीला लेव्हल घेऊन यायचं फर्मान सुटलं आहे.